फौजदाराचा बिल्ला

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. भाऊजींची कंबर आता कशी आहे? शेक देतेयस ना, की त्यांनी नको म्हटलं आणि तू सोडून दिलंस?

पत्र आलं म्हणजे माझा राग गेला असा अर्थ काढू नकोस. राग आहे तिथेच आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू गप्प बसलीस की मी सुटते, आणि मी सुटले की तू ठेवून देतेस. म्हणून हे.

मुद्द्याचं सांगते. जागा मिळाली. दोघा पोरांना मिळाली, एकाच शाळेत, चालत वीस मिनिटांवर. कागदावर शिक्का बसलाय आणि कागद माझ्या कपाटात आहे.

दोन वर्षं चपला झिजवल्या मी. अकरा शाळा. एकीत म्हणाले मुलगी चालेल, ती बोलते तरी, मुलगा नको. एकीत म्हणाले मुलगा चालेल, मुलगी नको, ती इतर मुलांना शिस्त लावत फिरते. खरं आहे ते, आठ वर्षांची झाली तरी रांग वाकडी दिसली की आमची ही फौजदार स्वतः जाऊन सरळ करते, मग रांगेत मुलं असोत नाहीतर पाहुणे. एका मोठ्या बाईंनी मला चहा पाजला, अशी मुलं म्हणजे खास देणगी असते म्हणाल्या, आणि देणगी दाराबाहेर काढली. मी चहा पूर्ण प्यायले मात्र.

शेवटी प्रकरण गेलं समितीकडे. एक डॉक्टर, एक समुपदेशक बाई आणि शिक्षण कार्यालयाचा एक साहेब, जो दर पाच मिनिटांनी चष्मा पुसतो. त्यांचं आधीच ठरलं होतं. दोघांनाही ऑटिझम असला तरी दोघांची पातळी वेगळी, म्हणून फौजदार साध्या शाळेत आणि धाकटा बटणराव विशेष मुलांच्या केंद्रात. ते केंद्र मी पाहून आलेय, ताई. चाळीस मुलं, दोन बायका आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही. एक मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी तासभर तिथे होते, त्याला कोणी वळवलं नाही. माझा सहा वर्षांचा पोरगा तिथे जाणार नाही, हे मी साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, मग त्याची चाचणी तशी यायला हवी.

आली. लाल ठोकळा उचल म्हणाले, त्याने उचलला. डब्यावर ठेव म्हणाले, ठेवला. कप दाखव, दाखवला. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. समुपदेशक बाई लिहीत होत्या ते मी उलट्या बाजूने वाचलं: दोन टप्प्यांच्या सूचना समजतात. फौजदार शेजारच्या खुर्चीवर होती, कारण तिच्याशिवाय तो परक्या खोलीत पाऊल टाकत नाही. तसं मी अर्जातच लिहिलं होतं, लपवाछपवी काही नाही.

जानेवारीत आमच्या घरी बसून तू जे म्हणालीस, ते त्या तीन शिकलेल्या माणसांपैकी एकालाही दिसलं नाही. मग आता बोल.

गणवेश मीच कापणार आहे. शाळेचं काम आमच्याच कारखान्याकडे आहे, आणि माझ्या पोरांच्या कॉलरला मी लेबल लावणार नाही. मानेला काही टोचलं की दोघंही अंगातले कपडे काढून टाकतात, ते तू पाहिलंयसच.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
जिंकलेली बहीण


२ ऑगस्ट

ती. ताईस,

नमस्कार. तुझं उत्तर नाही आलं. नको देऊस, मी काही दारात उभी राहून वाट बघत नव्हते. तरी कळवायचं ते कळवते, कारण आई असती तर तिने मला लिहायला लावलंच असतं.

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले. बटणराव जातो. रडत नाही, दारात पसरत नाही, खिशात दोन मोठी काळी बटणं घेऊन फौजदाराच्या मागोमाग चालत जातो. शेजारणी बघत राहतात. बघू देत.

आणि ऐक, फौजदाराला बिल्ला मिळालाय! निळा, गोल, वर 'मदतनीस' लिहिलेलं. अख्ख्या शाळेत तिला एकटीलाच. मोठ्या बाईंनी सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर लावला. ती आंघोळीला जातानाही काढत नव्हती, शेवटी मी तिच्या पंच्याला लावून दिला. ज्या पोरीला शाळांमागून शाळांनी नको म्हटलं तिला बिल्ला. मला किती बरं वाटलं ते तुला सांगून उपयोग नाही.

बारीकसारीक कटकटी असतातच. तिच्या गणिताच्या बाईंनी वहीत लाल शेरा दिला, काम अपुरं राहतं, मुलगी वर्गात नसते. वर्गात नसते म्हणजे काय? मी उलट लिहून पाठवलं की मुलगी तुमच्या ताब्यात असते, कुठे असते ते तुम्ही मला सांगायचं. काही लोकांना मुलं कळतच नाहीत.

दुसरं म्हणजे यंदाचं कापड. एकदम भिकार. फौजदाराच्या सदऱ्याचे कफ मी आतापर्यंत तीनदा बदलले. आठवडाभरात कड विरते, दोरे निघतात, ओलसर चिंधी होते नुसती. मी मालकांना दाखवलं, मालकांनी कापडवाल्याला बोलावलं आणि मी त्याची अशी हजेरी घेतली की काज-बटणवाल्या पोरी मशीन थांबवून ऐकत होत्या. बटणरावाचे कफ मात्र चांगले आहेत. एकाच ताग्यातले, तरी चांगले. कापडाचं काही सांगता येत नाही.

घरी आल्यावर फौजदार पलंगाखाली जाऊन झोपते. जेवायला ओढून काढावं लागतं. शाळा म्हटली की दमतातच मुलं.

ह्यांच्या शीतगृहात ड्यूट्या बदलल्यात, कधी पहाटे, कधी दुपारी. घरी येतात तेव्हा हातमोजे काढूनही बोटं गार असतात, आणि बटणरावाला तीच बोटं गालाला लावून घ्यायला आवडतात. घरात कोणी ना कोणी खूश आहे.

जानेवारीत मी बोलले ते रागात बोलले. तूही काही कमी बोलली नव्हतीस. त्यावर आणखी लिहिणार नाही.

तुझी बहीण


१९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार वगैरे समजून घे. आज मी कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन हे लिहायला बसलेय. समोर कटिंगचं टेबल नसलं की मला हात कुठे ठेवायचे कळत नाही, म्हणून अक्षर असं आलंय.

गेल्या महिन्यात मी पोरांच्या शाळेत गेले होते. आई म्हणून नाही, मापं घ्यायला. पुढच्या वर्षीच्या गणवेशांची मापं घ्यायला कारखान्यातून दोघी जातात, त्यातली एक आजारी पडली, मालक म्हणाले तू जा. कारखान्याचा एप्रन, डोक्याला टोपी, गळ्यात टेप. त्यांनी मला खालच्या मजल्यावर लहान मुलांच्या वर्गात बसवलं. बटणरावाचाच वर्ग. तिथली मदतीची बाई नवीन होती, तिने मला ओळखलं नाही, आणि माझ्या लेकाने मान वर करून पाहिलं नाही, कारण तो बाकावर बटणं ओळीत लावत होता.

थोड्या वेळाने तो ओरडायला लागला. कोणाचं तरी बाक घासलं फरशीवर. ती बाई उठली, दाराशी गेली आणि शिपायाला म्हणाली, छोट्या बाईंना बोलवा. मला वाटलं कोणी ठेंगणी शिक्षिका असेल.

फौजदार आली. छातीवर बिल्ला. कोणाकडे न बघता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, त्याच्या कोपराला बोट लावलं, एकदा, मग दोनदा. तो गप्प झाला. ती बाई त्याला म्हणाली, चित्र रंगव. फौजदाराने हिरव्या खडूकडे नजर टाकली, कोपराला बोट लावलं, त्याने हिरवा उचलला. ती बाई माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, आमचं निम्मं काम ही पोरगीच करते, हिला वरच्या वर्गात ठेवून उपयोग काय.

त्या सकाळी तिला चार वेळा बोलावलं. चारही वेळा ती धावत आली. मधल्या वेळात वर न जाता जिन्यात बसून राहायची, कारण पुन्हा बोलावतील हे तिला माहीत होतं. बसली की सदऱ्याचा कफ तोंडात. दाढेखाली धरून चावायची, दोरा न दोरा. आणि मी, पंधरा वर्षं कात्री चालवणारी बाई, कापडाला दोष देत बसले. विरलेला कफ आणि चावलेला कफ यातला फरक मला कळत नाही असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला कारखान्यात उभं केलं नसतं.

मी जिन्यात तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने मला आई म्हणून ओळखलं, पण आश्चर्य वगैरे काही नाही. तिने फक्त विचारलं, "आई, माझी ड्यूटी कधी संपते?"

ह्यांचा शब्द. घरात रोज ऐकते. म्हटलं आता, आत्ता संपली. तर ती म्हणाली की असं कसं, शाळा सुटायची आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते. ते बोट मला चाचणीच्या दिवशीही दिसलं होतं. त्याच्याही आधीपासून, घरात, वर्षभर दिसत होतं. एकदा बोट लावलं म्हणजे उचल, दोनदा लावलं म्हणजे ठेव, आणि काय उचलायचं ते तिच्या नजरेत. मी ते तिला शिकवलं नाही, तिने स्वतःच शोधून काढलं, पण समितीपुढे ती त्याच्या शेजारी बसली तेव्हा मी मुद्दाम तिची खुर्ची त्याच्या डाव्या हाताला सरकवली. डाव्या, कारण समुपदेशक बाई उजवीकडे बसल्या होत्या. समजलं? मी खुर्ची सरकवली. चाचणी तिने दिली आणि जागा त्याला मिळाली, आणि मी तुला जिंकलेली बहीण म्हणून सही ठोकून पत्र पाठवलं.

त्या दिवशी संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, हे मला आधी का नाही सांगितलंस, आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकली. दोघं मिळून समितीकडे गेलो.

मी साहेबांना म्हटलं, अहवाल खोटा आहे. तो मी खोटा होऊ दिला. मुलाची चाचणी पुन्हा घ्या, एकट्याची. साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, बाई, लोक इथे मिळालेली जागा टिकवायला येतात. फाइल बंद झालीय. उघडायची तर दोन्ही उघडावी लागतील, भावंडं म्हणून एकाच अर्जावर घेतलीत, मुलीचीही जागा जाऊ शकते. घरी जा, शांतपणे विचार करा.

मी म्हटलं, शांतपणे विचार करूनच इथवर आलेय. दोन्ही उघडा. आणि मुलीची जागा काढायची असेल तर काढायचं कारण लिहून द्या, कारण तिची चाचणी तिने एकटीने दिलीय आणि तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगली दिलीय. हे माझ्या खांद्यावर हात ठेवत होते, बस कर म्हणून. मी नाही बस केलं.

तिथून मोठ्या बाईंकडे. बिल्ला मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्या दुखावल्या, ताई, खरंच दुखावल्या, त्यांना वाटत होतं त्यांनी पोरीचा मान केलाय. म्हणाल्या, तुमच्या मुलाला सांभाळायचं म्हणून आम्ही केलं, तुमच्याच भल्याचं. मी म्हटलं, "तुमच्याकडे माणूस नाही म्हणून माझ्या आठ वर्षांच्या मुलीला कामाला लावू नका. मी लावलं होतं. ते किती सोपं असतं ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून तिला वर्गातून कोणी बाहेर काढलं नाही. गणिताच्या बाईंनी तिला घंटेपासून लांबची, खिडकीजवळची जागा दिली. ज्या बाईला मी उलट शेरा लिहून पाठवला होता, तीच ही. मी तिच्याकडे जाऊन सॉरी म्हणाले. कापडवाल्यालाही म्हणाले. तो इतका घाबरला की त्याला वाटलं मी पुन्हा भांडायला आलेय.

बटणरावाची चाचणी झाली. तो एकटा आत, आम्ही दोघं बाहेर बाकावर. चाळीस मिनिटं किंचाळत होता. हे दोनदा उठले, मी दोनदा खाली बसवलं. तिसऱ्यांदा मीच उठले, तर ह्यांनी मला बसवलं. मग एकदम किंचाळणं थांबलं. दार उघडलं. त्याने समुपदेशक बाईंचं एक बोट मुठीत धरलं होतं आणि ते बोट दाराच्या कडीवर टेकवून तो उभा होता. बाईंचे डोळे भरले होते. म्हणाल्या, ठोकळा नाही, कप नाही, काहीच केलं नाही त्याने. पण बाहेर जायचंय हे त्याने मला सांगितलं. स्वतः सांगितलं.

सहा वर्षांत त्याने बहिणीशिवाय कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आम्ही मागू दिलंच नाही, त्याच्या आधी ती धावायची आणि मी तिला धावू द्यायचे.

नव्या अहवालात सगळीकडे 'नाही' आहे. बोलतो का, नाही. सूचना समजतात का, नाही. एकाच ठिकाणी 'होय': गरज स्वतः व्यक्त करतो. साहेब पुन्हा त्या टीव्हीवाल्या केंद्राचं नाव लिहायला लागले. मी म्हटलं, या एका होयसाठी मला शाळा हवी, कोंडवाडा नको, आणि लिहिलंत तर मी उद्यापासून रोज इथे येऊन बसेन. मी तीन दिवस खरंच जाऊन बसले. सुईदोरा घेऊन गेले होते, समोरच्या शिपायाचं सुटलेलं बटणसुद्धा लावून दिलं. चौथ्या दिवशी समुपदेशक बाईंनीच एक छोटी शाळा सुचवली. एका खोलीत सहा मुलं, दोन बायका. मी जाऊन पाहिलं. भिंतीकडे तोंड करून कोणी बसलं नव्हतं. एक मुलगी टेबलाखाली होती, तर एक बाई पण टेबलाखाली होती.

फौजदाराची जागा राहिली. चिठ्ठी काल आली. मी तिला सांगितलं की सोमवारपासून तू तुझ्या शाळेत, तो त्याच्या शाळेत. तिने विचारलं, त्याला तिथे कोण बोट लावणार. मी म्हटलं, कोणीच नाही. तिने बराच विचार केला, मग माझ्याकडे तिची गणिताची वही मागितली.

आता जानेवारीबद्दल.

तू माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणालीस, या पोरीला तू त्याची जीभ करून ठेवलीयस, एक दिवस तिची स्वतःची राहणार नाही. तू एकटीने ते बोट पाहिलंस, दोन दिवसांच्या मुक्कामात. आणि मी तुला म्हणाले, भाऊजींच्या देखत म्हणाले, की तुझ्या घरात पाळणा हलला नाही, तुला पोरांतलं काय कळणार. तू पदराला हात पुसलेस आणि बॅग भरलीस. मी तुला थांबवलं नाही. दार लावून घेतलं. आधीच्या दोन पत्रांत मी हे वाक्य लिहिलं नाही, कारण लिहिलं तर ते मी म्हणाले असं झालं असतं. म्हणाले मी. माझ्याच तोंडचं आहे ते.

छोटी शाळा एक वाजता सुटते. माझं काम साडेपाचला सुटतं. ह्यांच्या ड्यूट्यांचा भरवसा नाही. आणि ती शाळा तुझ्या घराच्या मागच्या रस्त्यावर आहे, पिवळी बैठी इमारत, बाहेर लोखंडी झोपाळा. आता कळलं असेल इतकी पानं कशाला लिहिली.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना आहे, मुलाला घेऊन जाणारी व्यक्ती. मी तिथे तुझं नाव लिहून आलेय. नातं, मावशी. तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तू विचार केला असतास, आणि विचार करण्यासारखं मी तुझ्यासाठी काही ठेवलेलं नाही. नको असेल तर सोमवारी एक वाजता स्वतः जा आणि स्वतःच्या हाताने नाव खोड. त्या बाईंना सांगून ठेवलंय की खोडायला पेन मागितलं तर द्यायचं.

गेलीसच तर तो किंचाळेल, हे आधीच सांगते. त्याचा हात धरू नकोस, पुढे चालू लाग, तो येतो. आणि त्याला काय हवंय ते ओळखून आधीच देऊ नकोस. थांब. कितीही वेळ लागू दे, थांब. हे मला जमत नाही, तुला जमेल.

या पत्रात मी माफी मागितलेली नाही, पुन्हा चाळून बघू नकोस, सापडणार नाही. कागदावर मागितली की एकदाच मागून होते. मी साडेसहाला त्याला न्यायला येईन, तुझ्या दारात, तेव्हा मागेन. मंगळवारी पण मागेन. तू दार उघडशील त्या प्रत्येक दिवशी.

या तोंडासकट तुझीच,
धाकटी